मालनबाईंची उन्हाळी

मालनबाई गाडीत कधी बसल्याच नाहीत. कंडक्टरसाठी दाराजवळची एक सीट राखलेली असते. त्या सीटवर हिरड्याची पोती बसली, लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे बसले, एकदा तर एका गुरुजींचा कोंबडा तळेघरापर्यंत ऐटीत बसून गेला, पण बाई आपल्या उभ्या. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या लाल गाडीवर आमची जोडी होती. मी ड्रायव्हर, त्या कंडक्टर. ही जोडी नवरा-बायकोसारखीच असते, फक्त बोलणी पाठीमागून खावी लागतात.

आणि मालनबाईंची बोलणी म्हणजे काय सांगू! "सरका पुढं, पुढं माळरान मोकळं हाय!" ही आरोळी मारली की गाडीत मुंगी शिरायला जागा नसताना आणखी चार माणसं आत यायची. माणसांना त्या नावानं ओळखत नसत, गावानं ओळखत. "ए पोखरी, पाय आत घे. डिंभे, तुझी पिशवी गळतीय बघ." तिकिटाचं मशीन आलं तरी तिकिटं टोचायचा जुना चिमटा त्यांनी सोडला नाही. तो दांड्यावर टकटक वाजवत त्या मागून पुढे यायच्या आणि झोपलेली माणसं आपोआप जागी व्हायची. कळंबच्या शेतकरी घरातली बाई, त्या डोंगराच्या रस्त्यावरची पहिली बाई कंडक्टर. ही ड्यूटी त्यांनी भांडून मिळवली होती. डेपोत सगळे म्हणायचे, बाईमाणसाला मंचर-नारायणगाव बरं, घाट कशाला? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "घाट काय मला खातोय व्हय?"

त्या बसत का नाहीत याचा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता: बाईंना मिजास आहे. मग एक दिवस गाडी सुटायच्या आधी त्या माझ्या केबिनपाशी आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "भाऊ, एक घंटी म्हंजी थांबा, दोन म्हंजी चला. बरोबर? आता मी तीन वढल्या, की जिथं घर दिसंल तिथं गाडी लावायची. आन का म्हून इचारायचं न्हाई."

मी विचारलं नाही. पण आरसा असतो ना आमच्यापुढे. तीन घंट्या वाजल्या की आरशात बाईंचा चेहरा दिसायचा. घाटभर वाघिणीसारखी डरकाळणारी बाई, ओठ दातात धरून, दांडा घट्ट पकडून उभी. गाडी थांबली की उडी मारून उतरायची आणि एखाद्या घराच्या मागच्या अंगाला जायची. परत यायची ती जरा हसत, पण ते हसू पुढच्या दोन गावांपेक्षा जास्त टिकायचं नाही.

आमच्याकडे लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणतात, मग बाहेर धो धो पाऊस का पडेना. मालनबाईंची उन्हाळी बारमाही होती. लघवीची पिशवी जरा भरली की ओटीपोटात कळ, रिकामी केली की घटकाभर सुख, की पुन्हा तेच. बसलेलं असताना खड्ड्यात गाडी आदळली की ती कळ डोक्यापर्यंत जायची, म्हणून त्या बसत नसत. मिजास कसली आणि काय.

औषधं काय कमी केली? धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, कुळथाचं कढण झालं. एका पुढाऱ्यानं मूतखड्यावर बिअर चांगली असं भर गाडीत सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवायचं तेवढं बाकी ठेवलं. दवाखानेही झाले. जंतू झालेत म्हणून गोळ्या, पुन्हा गोळ्या, मग मोठ्या गोळ्या. लघवी तपासली तर जंतू नाहीत. फोटो काढला तर खडा नाही. शेवटी एकानं सांगितलं की काही नाही, मनाचं आहे, देवधर्म करा.

"काय न्हाई, तर मंग ह्ये काय पावणं आलंय का पोटात?" बाई मला म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसत होत्या, पण डोळे लाल होते. मी टायर बघण्याचं नाटक करत गाडीभोवती फिरलो.

पाणी त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. ड्यूटीवर निघताना ओठ कोरडे करून निघायच्या, की आत काही नसेल तर बाहेर काय येणार! पण उपाशी पोटानं चालवता येतं, कोरड्या पिशवीनं नाही. आणि रस्त्यावर जिथे जिथे त्या उतरायच्या, तिथल्या बाया मायाळू. आपल्याकडे दारात आलेलं माणूस रिकाम्या तोंडी जाऊ देतात का? शिनोलीच्या घरी चहा. डिंभे धरणाजवळच्या घरी आंबट ताक. घाटातल्या वळणावर हिराबाईचं घर, तिथे आधी लिंबू सरबत आणि मग, सरबतानं काय होतंय, म्हणून वर कडक चहा. बाईंना 'उन्हाळी' आहे हे तोंडानं कुणी बोलत नव्हतं, पण बायांना कळत होतं, म्हणून लिंबू जास्तच पिळलं जायचं. या उपकारांची फेड म्हणून बाई कुणाची औषधं खालून आणायच्या, कुणाच्या पोराचा डबा घोडेगावच्या शाळेत पोचवायच्या. अशी ती देवाणघेवाण सुखानं चालली होती आणि बाईंचं दुखणं वाढत होतं.

मग तक्रार झाली. कुणा प्रवाशानं डेपोत सांगितलं की ही गाडी वाट्टेल तिथे थांबते. साहेब माणूस चांगला होता. त्यानं बाईंना बोलावलं आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला त्रास आहे हे मला दिसतंय. डेपोत टेबलाचं काम देतो. खुर्ची आहे, पंखा आहे, शेजारी बाथरूम आहे."

बाहेर आल्या तेव्हा बाईंचा चेहरा पाहून मला वाटलं घरी कुणी गेलं की काय. "भाऊ, मला खुर्चीवर बसिवत्यात," म्हणाल्या. "म्या त्यो रस्ता भांडून घेतलाय. आता पुढं कोन्च्या पोरीनं घाट मागितला तर म्हंतील, ती मालन बघा, तिला न्हाई झेपला."

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आजारानं जीव जाणार नव्हता, पण रस्ता जाणार होता. त्यांनी साहेबांकडून मुदत मागून घेतली. श्रावणातल्या सोमवारी भीमाशंकरला जी गर्दी लोटते, त्या दिवसाची थेट गाडी मध्ये कुठेही न लावता वर नेली तर रस्ता माझा, नाहीतर खुर्ची तुमची.

माझ्या बायकोनं, सुलोचनानं, त्यांना पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पुरुषमाणूस तिथे काय करणार, मी घरी डाळ शिजवली. पुढचं मी सुलोचनाकडून ऐकलं आणि नंतर मालनबाईंकडून इतक्या वेळा ऐकलं की आता मीच तिथे होतो असं मला वाटतं.

डॉक्टरीण तरुण होती आणि निघाली आपल्याच जुन्नर भागातली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. पुन्हा लघवी तपासली, दुर्बीण घालून पिशवी आतून पाहिली. मग विचारलं, "मावशी, शेततळं आहे का तुमच्याकडे?"

"हाय की. भावाचं हाय."

"त्याला आत कागद अंथरलेला असतो. तो धड असेल तोवर पाणी तळ्यात राहतं. कागद विरला की पाणी मातीत मुरतं, बांध फुगतो. लघवीच्या पिशवीला आतून तसंच पातळ अस्तर असतं. तुमचं ते विरलंय, असं आम्हाला वाटतं. लघवीतले क्षार आतल्या भिंतीत मुरतात. भिंत सुजते, तिथल्या नसा चिडतात. जंतू नाहीत, म्हणून जंतूंच्या गोळ्यांनी काय होणार?"

"मंग थोडी भरली तरी फुटतीय का काय, असं का वाटतंय?"

"वस्तीवर बिबट्या येऊन गेला की कुत्र्याचं काय होतं?"

हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानंतर ते कुत्रं पान पडलं तरी भुंकतं. बाई म्हणाल्या, "कळलं."

"तुमच्या नसा तशा झाल्यात. घोटभर साठलं तरी मेंदूकडे बोंब. आणि इतकी वर्षं कळ दाबून खालचे स्नायू तुम्ही आवळून धरलेत. ते आता सैल पडायचंच विसरलेत, त्यामुळे तेही दुखतात. म्हणजे दुखतं म्हणून आवळता, आणि आवळता म्हणून दुखतं."

"पर ह्ये अस्तर इरलं कशानं?"

डॉक्टरीण बोटांवर मोजायला लागली. "कुणाला जंतूंच्या जुन्या त्रासानंतर होतं. कुणाच्या अंगातल्या राखण करणाऱ्या पेशीच उगाच खवळतात आणि सूज आणतात. कुणाचं सुरू नसांपासूनच होतं. सगळ्यांचं कारण एक नसतं. आणि खरं सांगू का मावशी, नक्की काय ते अजून आम्हाला माहीत नाही."

मालनबाईंनी तिथेच तिचे हात धरले. सुलोचना म्हणते, बाई रडल्या ते तेव्हा. "इतकी वर्सं समद्यांना समदं म्हाईत व्हतं, म्हून तर मी बरी न्हाई झाले. तू पैली भेटलीस 'म्हाईत न्हाई' म्हननारी."

मग डॉक्टरिणीनं विचारलं की दिवसभरात काय पिता. बाईंनी शिनोलीपासून सुरुवात केली. चहा, आंबट ताक, लिंबू सरबत, पुन्हा चहा, घरी रात्री टोमॅटोचं सार. डॉक्टरिणीनं कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागली. चहा आणि आंबट हे अशा पिशवीला बहुतेक वेळा सोसतच नाही. आणि पाणी तोडलं की लघवी घट्ट होऊन आणखी चावते. "म्हणजे मावशी, जिथे मोकळ्या व्हायला उतरता, तिथेच पुढच्या उतरण्याची सोय करून येता!"

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटात होतो. तीन घंट्या वाजल्या, हिराबाईच्या घरापाशी मी गाडी लावली. बाई जाऊन आल्या. अंगणात हिराबाई पितळी पेला घेऊन उभी. बाई म्हणाल्या, "नगं गं, आज नगं."

हिराबाईचा चेहरा उतरला. डोंगरातलं घर, खालून आलेली नोकरदार बाई, आणि आजवर घेतलेला पेला आज नको. याचा आपल्याकडे एकच अर्थ लागतो. ती हळूच म्हणाली, "आमच्या हातचं चालंना व्हय आता?"

सगळी गाडी खिडकीतून बघत होती. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पेल्याकडे. खोटं बोलायला दहा कारणं होती, उपास म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बाईंना रोज त्याच दारी यायचं होतं. त्यांनी हिराबाईचा हात धरला आणि माळरानवाल्या आवाजात म्हणाल्या, "हिरे, मला लघवीच्या पिशवीचा आजार हाय! आतलं अस्तर इरलंय. तुझा चा गोड हाय, पर त्यानं माझी पिशवी पेटती. तुला देयाचंच आसंल तर तांब्याभर साधं पानी दे, तुझ्याच हातचं!"

पुरुषमंडळी एकदम खिडकीबाहेरचे डोंगर बघायला लागली. हिराबाई आत गेली, तांब्या घेऊन आली आणि बाई गटागट पाणी प्यायल्या. मग गाडीतून एका म्हातारीचा आवाज आला, "म्हंजी ह्याला नाव हाय का? मला वाटलं, माझंच काय तरी वंगाळ हाय."

त्या दिवशी तळेघर येईपर्यंत एकाही पुरुषाला तोंड उघडता आलं नाही. गाडी बायांची झाली होती. कुणी जळजळ सांगत होतं, कुणी कळ, कुणी सासूला न सांगता सोसलेलं. बाईंनी सगळ्यांना दम दिला, "माझं ते तुजं आसंलच आसं न्हाई. कुनाला खडा आसंल, कुनाला जंतू. आदी तपासून घ्या. पर गप बसू नका." मी मुकाट्यानं गाडी हाकत होतो आणि मला या बाईचा अभिमान वाटत होता. उगाच का लपवू, फार वाटत होता.

पुढचे महिने त्यांनी जे केलं ते मी आरशात पाहिलं आहे. पुण्याला जाऊन त्या पिशवीत नळीवाटे औषध सोडून घ्यायच्या. तिथल्या व्यायामवाल्या ताईनं शिकवलं होतं ते गाडीत करायच्या. आवळायचं नाही, सोडायचं. दांडा धरून डोळे मिटायच्या, खांदे खाली, जबडा सैल, श्वास पार पोटात. नवख्या प्रवाशाला वाटायचं कंडक्टर उभ्यानं झोपली. आणि कळ आली की लगेच घंटी ओढायची नाही, थोडी पुढे न्यायची. घड्याळ त्यांना पटत नसे, त्या रस्त्यानं मोजायच्या. आज शिनोली ओलांडली. आज धरणाची भिंत दिसेपर्यंत दम धरला. "भाऊ, ती भुंकतीय, पर म्या सांगितलं, बिबट्या न्हाई, पान हाय!" असं केबिनजवळ येऊन सांगायच्या.

सरळ चढण मात्र नव्हती. जुन्नरला भाचीचं लग्न होतं, ऐन टोमॅटोच्या दिवसांत. सारावर बाईंचा ताबा राहिला नाही. त्यानंतर दोन दिवस अंथरूण धरलं आणि आल्या त्या चिडून. "समदं गेलं, भाऊ. पुन्हा शिनोलीतच घंटी." मी म्हटलं, "बाई, घाटात गाडी एकदा मागं सरकली म्हणून आपण ती तिथंच सोडून येतो का?" माझ्या आयुष्यात मी बोललेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. बाई म्हणाल्या, "गप गाडी हाका." पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरणाकडे डोळे लावून उभ्या राहिल्या.

श्रावणी सोमवार आला. धुकं असं की बॉनेटपुढचं दिसेना, आणि गर्दी अशी की बाई मागच्या दाराशी अडकलेल्या, मला आरशात नुसता त्यांचा हात दिसत होता. वरून येणाऱ्या गाड्या, खालून जाणाऱ्या गाड्या, घाट तुंबला. गाडी मुंगीच्या पावलानं. शिनोली गेली, धरण गेलं. माझे कान घंटीकडे. एवढ्या वेळात मलाच जावंसं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

हिराबाईचं वळण आलं. धुक्यात ती अंगणात उभी, हात वर केलेला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. साहेब गेले खड्ड्यात, म्हटलं, बाईला उतरू दे.

तोच खणखणीत दोन घंट्या. आणि मागून, त्या शंभर माणसांच्या कलकलाटातून, "कोनी थांबायला सांगितलं, भाऊ? चला वर!"

हिराबाई अंगणात अक्षरशः नाचली. मी गिअर टाकला. डोळ्यांत पाणी होतं आणि पुढे धुकं होतं, गाडी कशी नेली ते त्या शंकरालाच ठाऊक.

वर पोचल्यावर मात्र बाई माझ्याशी एक अक्षर न बोलता अशा सुटल्या की भाविकांची रांग दुभंगली. परत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या. "सायबांना सांगा," म्हणाल्या, "खुर्चीला गिऱ्हाईक दुसरं बघा." साहेबांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. आजार पुरता गेला नाही, जाईल असं डॉक्टरीणही म्हणाली नव्हती. अधूनमधून तो डोकं वर काढतो. पण रस्ता बाईंकडे राहिला.

मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी वरच्या गावात एका लग्नाला निघालो आणि घोडेगावला त्यांच्याच गाडीत चढलो. नवा ड्रायव्हर, पण आवाज तोच. "या भाऊ, आता बसा गुमान, गाडी कशी चालवायची ते त्या पोराला शिकवू नका."

माझ्या पुढच्या सीटवर एक नवी नवरी मुलगी होती, ओटीपोटावर हात धरून बसलेली. मालनबाई तिकीट द्यायला वाकल्या, तेव्हा ती त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल," बाई म्हणाल्या. "चोरी केलीस का?"

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं. शेजारचा पुरुष बाईंच्या एका नजरेनं उठून मागे गेला आणि त्या जागी एक म्हातारी येऊन बसली. मुलगी अडखळत बोलायला लागली. बाई ऐकत होत्या, मध्ये तोडत नव्हत्या. आणखी दोन-तीन बाया आपल्या जागा सोडून जवळ आल्या.

या सगळ्यात लग्नाच्या गावाचा माझा फाटा मागे गेला. बाईंना घंटी द्यायचं भान राहिलं नाही आणि मीही गाडी थांबवायला सांगितलं नाही. वरच्या थांब्यावर उतरलो, अक्षता हुकणार हे नक्की झालं होतं. गाडी पुढे निघाली. उघड्या खिडक्यांतून त्या मुलीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ती आता चांगली मोठ्यानं बोलत होती.